जपानीत जर-तर कसं बोलायचं: तो, बा, तारा, नारा यांची नवशिक्यांसाठी ओळख

एन-फाइव्हपर्यंत (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन-फोर त्याच्या वरची) जपानी भाषा फार गोड वागते. कर्ता, कर्म, क्रियापद, शेवटी मास, झालं वाक्य. मग एन-फोरच्या धड्यांत ‘जर’ येतं आणि त्या एका जरसाठी समोर चार रूपं येतात: तो, बा, तारा, नारा. चारही मराठी शब्द वाटतात हे खरंय, पण त्याने काही सोपं होत नाही, कारण पुस्तकात हे चौघं वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात आणि प्रत्येकासमोर इंग्रजीत एकच अर्थ लिहिलेला असतो, इफ. मग पोरं चारही पाठ करतात आणि बोलताना अडकतात.

माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी ते इंग्रजी इफ बाजूला ठेवा. आपण मराठीतून जपानी शिकत असू तर इथे आपल्याला फुकटात बरंच मिळतं. (उच्चाराचं आधीच सांगतो, खाली सगळी जपानी देवनागरीत लिहिलीय, ऽ दिसला की तो स्वर लांबवायचा, आणि देस, मास मधला शेवटचा उ जवळजवळ ऐकू येत नाही म्हणून लिहिला नाहीये.)

पहिली पायरी: साचा बघा

मराठीत ‘जर पाऊस पडला तर मी जाणार नाही’. जपानीत ‘मोशि आमे गा फुत्तारा, इकिमासेन’. आता शब्द जुळवा. मोशि म्हणजे जर, आमे पाऊस, फुत्तारा म्हणजे पडला तर, इकिमासेन म्हणजे जात नाही. क्रम तोच. आपण बोलताना जर किती वेळा खाऊन टाकतो, ‘पाऊस पडला तर नाही येणार’, तसंच जपानी माणूस मोशि खाऊन टाकतो. अट कुठे कळते, तर अर्ध्या वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला चिकटलेल्या तुकड्यात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला वाटायचं कारणच नाही.

अजून एक गंमत बघा. उद्याच्या पावसाबद्दल बोलताना आपण ‘पडला’ म्हणतो, भूतकाळ. ‘पडेल तर’ असं फारसं कोणी म्हणत नाही. जपानीतही फुत्ता म्हणजे पडला, त्याला रा लावला की फुत्तारा. तर आणि तारा यांचा आवाज जुळतो तो मात्र निव्वळ योगायोग, तारा हे जुन्या ताराबाचं उरलेलं रूप आहे, नातं वगैरे शोधत बसू नका. पण लक्षात ठेवायला कामाला येतं ना, बास.

दुसरी पायरी: तारा हातात बसवा, बाकीचे तीन सध्या नकोत

साधा भूतकाळ येत असेल तर तारा येतंच. ताबेरु (खाणे), ताबेता, ताबेतारा. नोमु (पिणे), नोंदा, नोंदारा. इकु (जाणे), इत्ता, इत्तारा. कुरु (येणे), किता, कितारा. सुरु (करणे), शिता, शितारा. विशेषणं पण तशीच, यासुइ म्हणजे स्वस्त, यासुकात्ता, यासुकात्तारा. चांगलं म्हणजे इइ, त्याचं होतं योकात्तारा. नामाला दात्तारा: आमे दात्तारा, पाऊस असला तर. नकारात नाकात्तारा: कोनाकात्तारा, आला नाही तर.

ज्यांचा भूतकाळ कच्चा आहे त्यांनी इथेच थांबून तो पक्का करावा, कारण नोंदा, काइता, इत्ता यात गडबड असेल तर पुढचं सगळं डळमळतं.

तारा पहिल्यांदा शिका म्हणतो कारण तो जवळजवळ कुठेही चालतो, मागे विनंती असो, हुकूम असो, इच्छा असो. ओसाका-क्योतो साइडला तर लोक बोलताना तोक्योवाल्यांपेक्षा जास्त ठिकाणी तारा वापरतात. अडलात तर तारा, असा नियम करून टाका.

फक्त एक गोष्ट कळायला हवी, तारा म्हणजे कायम शंका नव्हे. ‘एकि नि त्सुइतारा, देनवा शिते कुदासाइ’, म्हणजे स्टेशनवर पोचलात की फोन करा. पोचणार हे नक्कीच आहे. ‘जूऽहास्साइ नि नात्तारा, मेंक्यो ओ तोरिमास’, अठराचा झालो की लायसन्स काढणार (जपानमध्ये पण गाडीचं लायसन्स 18 लाच). इथे पुढे मोशि लावलात तर वाक्य विचित्र होतं, जणू अठरावं लागेल की नाही याचीच शंका आहे. म्हणजे तारामध्ये मुळात ‘हे आधी, ते नंतर’ एवढंच असतं, शंका हवी असेल तर मोशि लावून आणायची.

आणि भूतकाळात तारा आला की त्याचा अर्थ ‘बघतो तर काय’. ‘मादो ओ आकेतारा, फुजिसान गा मिएता’, खिडकी उघडली तर समोर फुजी. मागचा भाग आपल्या हातात नसलेला हवा. म्हणून ‘घरी गेल्यावर अंघोळ केली’ हे मराठीत अगदी बरोबर असलं तरी त्याला तारा लावायचा नाही, अंघोळ तुम्ही ठरवून केलीत. तिथे ते-रूपाने (क्रियापदाचं ‘करून’ अर्थाचं जोडरूप) नुसतं जोडा: ‘उचि ए काएत्ते, शावाऽ ओ आबिमाशिता’.

तिसरी पायरी: वाक्याचा मागचा अर्धा भाग आधी बघा

तो, बा, नारा यांच्यातला फरक पहिल्या भागाकडे बघून कळत नाही, दुसऱ्या भागाकडे बघून कळतो. मागे काय येतंय, आपोआप घडणारी गोष्ट, कुणाला सांगितलेलं काम, की सल्ला? हे आधी ठरवा, मग मागे येऊन तुकडा निवडा. बोलताना अर्थातच इतका वेळ नसतो, पण लिहून सराव करताना हे करून बघा, थोड्या दिवसांत आपोआप व्हायला लागतं.

‘तो’ म्हणजे मशिनसारखा. हे झालं की ते होणारच. क्रियापदाच्या डिक्शनरी रूपाला (शब्दकोशात दिसतं ते मूळ रूप) थेट लावायचा. ‘कोनो बोतान ओ ओसु तो, दोआ गा आकिमास’, हे बटण दाबलं की दार उघडतं. ‘हारु नि नारु तो, साकुरा गा साकिमास’, वसंत आला की साकुरा फुलतो. रस्ता सांगताना तर हाच, ‘मास्सुगु इकु तो, हिदारि नि यूऽबिनक्योकु गा आरिमास’, सरळ गेलं की डावीकडे पोस्ट ऑफिस. तुम्ही जा किंवा नका जाऊ, पोस्ट ऑफिस तिथेच आहे, म्हणून तो.

इथे मराठी माणूस हमखास गंडतो. आपला ‘की’ दोन्हीकडे चालतो, ‘बटण दाबलं की दार उघडतं’ आणि ‘पोचलास की फोन कर’. त्यामुळे आपण सरळ ‘त्सुकु तो, देनवा शिते कुदासाइ’ म्हणून मोकळे होतो, आणि ते चूक. ‘तो’च्या मागे विनंती, हुकूम, चला-करूया, मी करणार, यातलं काहीच येत नाही. मागे माणसाची इच्छा दिसली की तो गेला, तारा आला.

‘नारा’ म्हणजे समोरच्याचं बोलणं किंवा परिस्थिती पकडून बोलणं, आपलं ‘असं असेल तर मग’ किंवा ‘जाणार असशील तर’. कोणी म्हणालं तोक्योला साकुरा बघायचाय, तुम्ही म्हणता, ‘तोऽक्योऽ दे साकुरा ओ मिरु नारा, सांगात्सु नो ओवारि गा इइ देस यो’, बघायचाच असेल तर मार्चचा शेवट बरा. नामाला सरळ लागतो, मधे दा नको: ‘सुशि नारा, आनो मिसे’, सुशीच म्हणत असाल तर ते दुकान. नारा नावाचं शहर पण आहे, त्यामुळे ‘नारा नारा, दाइबुत्सु देस ने’ हे पूर्ण शुद्ध वाक्य आहे, नारा म्हणाल तर मोठा बुद्धच.

नारा आणि तारामधला खरा फरक वेळेचा आहे. तारात पहिली गोष्ट आधी घडावीच लागते. नारात तसं बंधन नाही, मागची गोष्ट आधी पण घडू शकते. ‘फुजिसान नि नोबोरु नारा, इइ कुत्सु ओ कात्ते कुदासाइ’, फुजीवर चढणार असाल तर चांगले बूट घ्या. बूट अर्थातच चढायच्या आधी घ्यायचेत. हेच नोबोत्तारा केलंत तर अर्थ होतो, आधी 3776 मीटर चढा आणि मग वर बूट घ्या!

हा फरक डोक्यात पक्का करायला जपानमधली दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धची घोषणा पाठ करून टाका: ‘नोंदारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना’. प्यायलास तर चालवू नकोस, चालवणार असशील तर पिऊ नकोस. पहिल्यात पिणं झालेलं आहे म्हणून तारा, दुसऱ्यात चालवणं अजून व्हायचंय आणि न पिणं त्याच्या आधीचं आहे म्हणून नारा. एका ओळीत अख्खा धडा आहे, मी तर म्हणतो हीच ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

‘बा’ला लोक घाबरतात पण रूप करायला तो सगळ्यात सोपा आहे. शेवटच्या उ-चा ए करायचा आणि बा लावायचा, इकु इकेबा, नोमु नोमेबा, मात्सु मातेबा, ताबेरु ताबेरेबा. कुरु आणि सुरु, जे सगळीकडे अपवाद असतात, ते पण इथे गुमान कुरेबा, सुरेबा होतात. विशेषणाला केरेबा, यासुकेरेबा, योकेरेबा. नकाराचा नाकेरेबा.

अर्थ असा की पुढचं घडायला एवढी अट पुरी झाली की बास. ‘कोनो कुसुरि ओ नोमेबा, नाओरिमास’, हे औषध घेतलंत की बरं वाटेल. म्हणी बऱ्याचशा बामध्ये असतात, ‘चिरि मो त्सुमोरेबा यामा तो नारु’, धूळसुद्धा साचली तर डोंगर होते, म्हणजे आपलं थेंबे थेंबे तळे साचे. ‘काय करू?’ विचारायला ‘दोऽ सुरेबा इइ देस का’. आणि ‘करावंच लागतं’ म्हणायला जो लांबलचक नाकेरेबा नारिमासेन शिकवतात तो पण हाच बा आहे, न केलं तर चालत नाही. ‘कुसुरि ओ नोमानाकेरेबा नारिमासेन’, औषध घ्यावंच लागतं. बोलताना त्याचा नोमानाक्या होतो, पुस्तकात न दिसलेला हा शब्द ऐकून दचकू नका.

बाची एक कटकट आहे. पहिल्या भागात क्रिया असेल तर दुसऱ्या भागात विनंती किंवा इच्छा चालत नाही, ‘त्सुकेबा देनवा शिते कुदासाइ’ चूक. पण पहिल्या भागात स्थिती असेल, म्हणजे विशेषण, आरु, इरु, नाही वगैरे, तर चालते: ‘जिकान गा आरेबा, किते कुदासाइ’, वेळ असेल तर या. ‘यासुकेरेबा काइमास’, स्वस्त असेल तर घेतो. परीक्षेत इथेच पकडतात. बोलताना मात्र शंका आली की तारा टाका आणि पुढे चला.

चौथी पायरी: असतं तर, झालं असतं

मराठीत न घडलेल्या गोष्टीसाठी वेगळं रूप आहे, ‘ती ट्रेन पकडली असती तर वेळेत पोचलो असतो’. जपानीत असं खास रूप नाही. तोच तारा किंवा बा, आणि वाक्याच्या शेवटी हळहळ व्यक्त करणारा नोनि. ‘आनो देंशा नि नोत्ते इतारा, मानिआत्ता नोनि’. नोत्ते इतारा, म्हणजे ते-इरुचं तारा रूप, हे इथे बऱ्याचदा दिसतं, कारण चढलेलो असतो तर, अशी स्थिती धरायची असते. आत्ताची न होणारी गोष्ट असेल तर ‘ओकाने गा आरेबा, काउ नोनि’, पैसे असते तर घेतलं असतं (नाहीयेत).

नोनि विसरू नका. नुसतं ‘ओकाने गा आरेबा काउ’ म्हणालात तर ‘पैसे असतील तर घेतो’ इतकंच राहतं, हळहळ गायब.

पश्चात्तापाला त्याहून छोटं: बा-रूप अधिक योकात्ता. ‘मोत्तो हायाकु ओकिरेबा योकात्ता’, अजून लवकर उठायला हवं होतं. ‘इवानाकेरेबा योकात्ता’, बोललो नसतो तर बरं झालं असतं. हे दोन वापरात आले की जपानी मित्रांमध्ये एकदम माणसात आल्यासारखं वाटतं, कारण रोजच्या गप्पांत अर्धी कुरकुर याच्यावरच चालते.

पाचवी पायरी: समजा

आपण वाद घालताना किंवा हिशोब करताना म्हणतो ना, ‘समजा शंभर लोक आले’, त्यासाठी ‘तो शितारा’, ‘तो सुरेबा’, ‘तो सुरु तो’ हे तिघं. साध्या रूपातल्या पूर्ण वाक्याच्या मागे लावायचे. ‘मोशि ताकाराकुजि दे इचिओकु एन आतात्ता तो शितारा, नानि नि त्सुकाइमास का’, समजा लॉटरीत एक ओकु येन लागले तर कशावर खर्च कराल? (एक ओकु म्हणजे दहा कोटी, लाख-कोटी डोक्यात असलेल्या आपल्या लोकांचा इथे दरवेळी घोळ होतो.) नुसत्या ‘आतात्तारा’ पेक्षा हे जास्त उघड गृहीत धरणं आहे, खरं होईल की नाही हा प्रश्नच बाजूला.

अजून फॉर्मल करायचं असेल, ऑफिसच्या मीटिंगमध्ये वगैरे, तर पुढे कारि नि लावा: ‘कारि नि ह्याकुनिन कुरु तो सुरु तो, इसु गा तारिमासेन’, समजा शंभर जण आले तर खुर्च्या पुरत नाहीत. आणि ‘अगदीच झालं तर’ साठी मान-इचि, शब्दशः दहा हजारात एक. ‘मान-इचि ओकुरेतारा, साकि नि इत्ते कुदासाइ’, चुकून मला उशीर झालाच तर पुढे व्हा.

सहावी पायरी: जरी-तरी

जर-तरचं जरी-तरी होतं तसं मोशि-ताराचं तातोए-तेमो. ते-रूपाला मो लावा. ‘आमे गा फुत्तेमो, इकिमास’, पाऊस पडला तरी जाणार. जोर द्यायचा असेल तर पुढे तातोए. तातोएबा म्हणजे मात्र ‘उदाहरणार्थ’, एका बाचा फरक, सांभाळा.

आता इथला मराठी सापळा. आपण परवानगी तर लावून मागतो, ‘फोटो काढला तर चालेल का?’. जपानीत तारा नाही, तेमो: ‘शाशिन ओ तोत्तेमो इइ देस का’, म्हणजे काढला तरी चालेल का. तोत्तारा इइ देस का म्हटलंत तर समोरच्याला वाटेल की कसा किंवा कधी काढायचा हे तुम्ही विचारताय आणि मधला शब्द राहून गेलाय.

अंदाजाचं थोडक्यात

अटीच्या मागे बऱ्याचदा अंदाज येतो, म्हणून हे पण लागतं. देशोऽ म्हणजे असेल, हवामानवाले रोज म्हणतात, ‘आश्ता वा आमे देशोऽ’, उद्या पाऊस असेल. कामोशिरेमासेन म्हणजे कदाचित असेल, नसेलही. हाझु देस म्हणजे काहीतरी आधार आहे म्हणून यायलाच हवा, ‘कारे वा क्योऽ कुरु हाझु देस’, पण स्वतःच्या बेताला हाझु लावायचा नाही, तिथे त्सुमोरि. कुरु मिताइ देस म्हणजे येतोय वाटतं, आणि कुरु सोऽ देस म्हणजे येणार आहे म्हणे. आपलं ‘म्हणे’ जिथे लावाल तिथे सोऽ देस ठेवून बघा, बहुतेक वेळा जमतं.

सराव कसा करायचा

रोज स्वतःच्या बोलण्यातली पाच जर-तरची वाक्यं उचला, पुस्तकातली नकोत. ‘बस नाही मिळाली तर रिक्षा करू’, ‘दूध उतू गेलं की वास येतो’, ‘मुंबईला जाणार असशील तर छत्री घे’, ‘आई असती तर ओरडली असती’, ‘कितीही सांगितलं तरी ऐकत नाही’. प्रत्येकाचा मागचा अर्धा भाग अधोरेखित करा आणि तुकडा निवडा. पहिल्यात तारा, दुसऱ्यात तो, तिसऱ्यात नारा (छत्री निघायच्या आधी घ्यायचीय), चौथ्यात तारा आणि शेवटी नोनि किंवा देशोऽ, पाचव्यात इकुरा-तेमो, इकुरा म्हणजे किती, तेमोबरोबर कितीही. शब्द येत नसले तरी हरकत नाही, आधी फक्त तुकडा बरोबर यायला हवा.

जेएलपीटी देणार असाल (आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरला असते, पुणे-मुंबईत सेंटर आहे) तर तो आणि बाची बंधनं नीट पाठ करा, मार्क तिथे जातात. परीक्षा द्यायचीच नसेल आणि कामापुरतं बोलायचं असेल तर तारा, नारा आणि तेमो यावर बरेच दिवस निघतात. आणि एक शब्द आजच पाठ करा, योकात्तारा, ‘चालणार असेल तर’. कुणाला चहाला बोलवताना, मदत विचारताना, खाऊ पुढे करताना आधी हा शब्द टाकला की जपानी कानाला वाक्य मऊ लागतं: ‘योकात्तारा, इश्शो नि इकिमासेन का’, चालणार असेल तर सोबत येता का? दुकानात किंवा हॉटेलात याचाच जास्त अदबीचा भाऊ ऐकू येईल, योरोशिकेरेबा, आणि त्यातला बा आता तुम्हाला ओळखू येईलच.